झाड लावलं, आता पाणी कोण घालणार?

मागच्या अंकात मी स्मृतिबागेबद्दल जाता जाता चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता ढीग पडला. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी, स्मृतिबाग म्हणजे गेलेल्या माणसांच्या आठवणीत केलेली बाग, आणि आपण बोलतोय ते पगारी माळी नसलेल्या बागांबद्दल, जिथे त्या भागातला हौशी बागकाम क्लबच सगळं बघतो. मी स्वतः अशाच एका क्लबात १७ वर्षं खुरपं चालवतेय त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही, म्हणून आजचा अख्खा कॉलम त्यालाच दिला. पत्रं कापूनछाटून घेतलीत, राग मानू नका, एका काकांनी तर नऊ पानं लिहिली होती आणि त्यातली सहा नव्या सेक्रेटरीबद्दल होती.

प्रश्न : ताई, आमचा क्लब छोटा, यादीत २२ नावं पण प्रत्यक्ष येणारे सहा-सात. एका दुर्घटनेत गेलेल्या ४० जणांसाठी बाग करायची ठरलंय, जागाही मिळालीय. कमिटीला प्रत्येक नावाचं एकेक झाड हवंय. मला हे झेपेलसं वाटत नाही, पण बोललं की मी निगेटिव्ह ठरते. — यादीतली खरोखर येणारी

उत्तर : निगेटिव्ह कसल्या, त्या कमिटीत हिशोब करणाऱ्या तुम्ही एकट्याच दिसताय! माझा साधा नियम आहे, बाग नावं मोजून आखायची नाही, हात मोजून आखायची. नवीन लावलेल्या झाडाला पहिली दोन-तीन वर्षं तरी नीट, खोलवर पाणी लागतं, वरवर शिंपडून भागत नाही. म्हणजे ४० आळी, तीही भर उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यातच निम्मा क्लब सुट्टीवर जातो. लावायच्या दिवशी शंभर माणसं येतील, फोटो होतील, भाषणं होतील, पण नव्याचे नऊ दिवस संपले की पाइप ओढायला तुम्ही सहा-सातच उरणार.

एक माणूस एक झाड ही कल्पना वाईट आहे असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात बॅलरॅटला १९१७ ते १९१९ मध्ये पहिल्या महायुद्धावर गेलेल्या प्रत्येकाच्या नावाने झाड लावलं, २२ किलोमीटर रस्ता आणि सुमारे ३,८०० झाडं, आणि त्यासाठी राबल्या त्या तिथल्या एका कपड्यांच्या कारखान्यातल्या मुली. आजही तो रस्ता बघायला लोक जातात. पण तिथे अख्खं गाव पाठीशी होतं, तुमच्याकडे सात जण आहेत.

आता दुसरं उदाहरण बघा, हे आपल्यासारख्याच बागकाम क्लबांचं आहे. १९४४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या क्लबांनी सैनिकांच्या सन्मानासाठी हायवेच्या साडेपाच मैलांच्या पट्ट्यात सुमारे ८,००० डॉगवुडची झाडं लावली, पुढे तीच कल्पना ब्लू स्टार या नावाने देशभर गेली. तिथे 'हे अमक्याचं झाड' असं नव्हतं, सगळा पट्टा सगळ्यांचा. ऐकायला फरक छोटा वाटतो पण बाग सांभाळणाऱ्याला तो फार मोठा असतो, कारण सगळ्यांच्या बागेतलं एक झाड वाळलं तर एक झाडच वाळतं, पण नाव लावलेलं झाड वाळलं की कुणाच्या तरी घरी माणूस दुसऱ्यांदा जातो.

म्हणून कमिटीला सांगा की एका दगडावर ४० नावं नीट कोरून घेऊ, भोवती पाच-सात झाडं लावू, आणि ती सगळी एकाच जातीची नकोत. एकाच जातीची रांग दिसते छान, पण रोग आला की सगळी एकदम जातात, एल्म झाडांच्या रोगाने युरोप-अमेरिकेत रस्तेच्या रस्ते बोडके केले. शक्यतो तुमच्या भागातल्या देशी जाती घ्या, त्यांचे नखरे कमी असतात. आणि नावांच्या दगडाच्या पायाशी बुटकी, पसरणारी रोपं लावा. कॉमनवेल्थच्या युद्ध दफनभूमींमध्ये प्रत्येक शिळेपुढे अशी बुटकी रोपं दिसतात, ती नुसती शोभेची नसतात, पावसाचे थेंब उघड्या मातीवर आपटले की चिखल उडून अक्षरांवर बसतो तो त्यांच्यामुळे थांबतो. तिथल्या काही ठिकाणांचे लागवडीचे आराखडे गर्ट्रूड जेकिल या नावाजलेल्या इंग्लिश बागकर्तीने केले होते. शंभर वर्षांपूर्वीची युक्ती आहे, आमच्याकडेही चालते.

गुलाबावर कुणी ना कुणी अडून बसणारच. त्यांना 'पीस' गुलाबाची गोष्ट माहीत असते, फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयाँने तयार केलेला हा गुलाब, २९ एप्रिल १९४५ ला त्याला ते नाव मिळालं तेव्हा युरोपातलं युद्ध संपायला नऊ दिवस उरले होते. गोष्ट मलाही आवडते. पण गुलाब म्हणजे छाटणी, काळे ठिपके, मावा, सुकलेली फुलं खुडत राहणं. तीन झुडपं लावा, तीस नको. आणि क्लब छोटा म्हणून वाईट वाटून घेऊ नका, अमेरिकेतला पहिला लेडीज गार्डन क्लब १८९१ मध्ये जॉर्जियातल्या अथेन्समध्ये निघाला तो १२ जणींचा होता, आणि पुढे त्या बाराजणींच्याच आठवणीत तिथल्या विद्यापीठात बाग झाली.

प्रश्न : एका कुटुंबाने आम्हाला न विचारता वडिलांची रक्षा गुलाबाच्या बुडाशी घातली, सगळीच्या सगळी. महिन्या-दीड महिन्यात पानं पिवळी पडली, कडा करपल्या. आता त्यांचाच फोन येतो की तुम्ही पाणी घालत नाही. खरं सांगावं तर कसं सांगू? — वाफा नंबर ३ बघणारा

उत्तर : दादा, पाण्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही. 'राख म्हणजे खत' हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, पण लाकडाची राख वेगळी आणि ही वेगळी. दहनानंतर उरतो तो मुख्यतः हाडातला खनिज भाग, कॅल्शियम फॉस्फेट, मोठ्या माणसाचा दोन-तीन किलो भरतो. तो खूप अल्कधर्मी असतो, पीएच ११-१२ च्या आसपास जाऊ शकतो, वर त्यात सोडियमचे क्षार भरपूर. एवढं सगळं एका झुडपाच्या मुळांवर पडलं की दोन गोष्टी होतात. क्षारांमुळे मुळांना पाणी ओढता येत नाही, माती ओली असूनही झाड तहानलेलं, म्हणून कडा करपतात. आणि पीएच चढला की मातीतलं लोह असून नसल्यासारखं होतं, मग पान पिवळं आणि शिरा हिरव्या. जाऊन बघा, कोवळी पानं तशी दिसतायत का.

वाचवायचं असेल तर वरचा करड्या रंगाचा थर हाताने हळूच काढून घ्या, त्या कुटुंबाला बोलावून त्यांच्यासमोरच, मागे करू नका, नंतर कळलं तर कायमचं मन दुखावतं. काढलेला भाग भरपूर माती आणि कंपोस्टमध्ये मिसळून मोकळ्या जागेत पातळ पसरा. पाण्याचा निचरा चांगला असेल तर गुलाबाला दोन-तीनदा भरपूर पाणी देऊन क्षार खाली जाऊ द्या. तरी नाही सावरला तर झुडूप दुसरीकडे हलवा, तिथेच नवीन गुलाब लावायची घाई करू नका, तोही तसाच जाईल.

बोलायचं कसं? 'तुमच्या वडिलांच्या राखेने झाड मेलं' हे वाक्य तोंडातून जाता कामा नये. आम्ही असं सांगतो, 'हे आम्ही तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, आमचं चुकलं.' आणि ते खरंच आहे, सांगायला हवंच होतं. आता गेटवर साधी सूचना लावा की रक्षा मिसळायची असेल तर आधी क्लबशी बोला. जागा ज्यांची आहे त्यांची परवानगी लागते, आणि नियम सगळीकडे सारखे नसतात. परवानगी असेल तर एक मूठ भरपूर मातीत मिसळून घालायची, किंवा झाडाच्या मुळांच्या बाहेर वेगळा खड्डा करायचा, आणि तो खड्डा नकाशावर मांडून ठेवायचा, नाहीतर पाच वर्षांनी कुणीतरी नवा पोरगा तिथेच कुदळ मारतो. अझेलिया, कॅमेलिया असल्या आंबट मातीच्या झाडांजवळ तर अजिबातच नको.

प्रश्न : सैनिकांच्या आठवणीसाठी लाल पॉपीचं बी पेरलं, छान दोन बोटं मातीखाली, एकही उगवलं नाही. बी खराब होतं का?

उत्तर : बी नाही, ती दोन बोटं नडली. या लाल पॉपीच्या बियांना उगवायला उजेड लागतो. माती भुसभुशीत करायची, बी वर भुरभुरायचं, हाताने दाबायचं, झाकायचं नाही, बस. पहिल्या महायुद्धाच्या रणांगणावर ही फुलं एवढी का आली, तर तोफगोळ्यांनी आणि खंदकांनी जमीन उलटीपालटी झाली आणि वर्षानुवर्षं खाली पडून राहिलेलं बी उजेडात आलं. दरवर्षी तो तुकडा थोडा उकरावा लागतो, हिरवळ माजू दिली की पॉपी गायब. आणि थंडीच्या सुरुवातीला पेरा, गरमीत नको. (शेजारी विचारतीलच म्हणून सांगते, ही अफूवाली नव्हे.)

प्रश्न : ताई, एका आईने तिच्या मुलाच्या नावाने लावलेलं झाड वाळलं. ती दर महिन्याला येते. आमच्यातले काही म्हणतात की रात्रीत तसंच दुसरं आणून लावू, तिला कळणार नाही. मला ते बरोबर वाटत नाही. — झोप उडालेली

उत्तर : कळणार नाही? अहो, जी बाई दर महिन्याला येते तिला त्या झाडाची प्रत्येक फांदी पाठ असते. आमच्याकडे हेच झालं होतं, सांगते. तेव्हा मी नवीन होते, आमच्या जुन्या अध्यक्षांनी असंच गुपचूप झाड बदललं, उंचीला अगदी तेवढंच शोधून आणलं. त्या बाई आल्या, झाडाजवळ उभ्या राहिल्या, खोडावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, 'इथे एक गाठ होती.' एवढंच. ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत, पण त्यानंतर परत कधी आल्या नाहीत. ती गाठ मला अजून दिसते.

तेव्हा आधी सांगा. फोनवर सांगा, मेसेज टाकू नका, आणि ती पुढच्या वेळी येऊन वाळका बुंधा बघेल त्याआधी सांगा. का वाळलं ते कळलं असेल तर तेही सांगा, आपली चूक असेल तर विशेष करून. आणि बहुतेक वेळा आपलीच असते, हे कुणाला आवडणार नाही पण खरं आहे. झाड खूप खोल लावलेलं असतं, खोड खाली जिथे पसरट होतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे, तो गाडला की खोड कुजतं. नाहीतर आच्छादन खोडाला चिकटवून डोंगरासारखं रचलेलं असतं, ते कडं केल्यासारखं खोडापासून वीतभर लांब हवं. नाहीतर आधाराच्या काठीची तार सोडायची राहते आणि ती खोडात रुतून गळा आवळते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गवत कापायचं ते दोरीचं मशीन. खोडाला नुसतं लागलं तरी साल गोल सोलली जाते, झाड आपल्याला हिरवं दिसत राहतं आणि पुढच्या उन्हाळ्यात अचानक बसतं. झाडांच्या बुडाशी गवत ठेवूच नका म्हणजे मशीन तिथे जाणारच नाही.

मग पुढे काय ते तिलाच ठरवू द्या. तीच जात परत, की वेगळी, की आता झाड नकोच, नुसती पाटी. काही जणांना जुन्या झाडाचं काहीतरी हवं असतं, फांदीचा एक तुकडा ठेवून द्या, लगेच सगळं तोडून टाकू नका. झाडात अजून थोडा जीव असेल तर कलम किंवा बी घेता येतं का बघा. ॲमस्टरडॅमला ॲन फ्रँक ज्या घरात लपली होती त्याच्या मागचं चेस्टनटचं झाड बुरशीने पोखरलं होतं, लोखंडी आधार दिला तरी २३ ऑगस्ट २०१० च्या वादळात कोसळलंच, पण त्याच्या बियांपासून रोपं आधीच करून ठेवली होती आणि आज ती वेगवेगळ्या देशांत वाढतायत. आणि न्यूयॉर्कचं ते पेअरचं झाड, ९/११ च्या हल्ल्यात कोसळलेल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यात २००१ च्या ऑक्टोबरमध्ये सापडलं तेव्हा जळकं, मुळं तुटलेली, ब्रॉंक्समधल्या नर्सरीत वाढवलं आणि २०१० च्या डिसेंबरमध्ये परत स्मारकात आणून लावलं. जुनं खोड खडबडीत आणि तिथून फुटलेल्या फांद्या गुळगुळीत, जोड लपवलेला नाही, लोक तोच बघायला जातात. हे तुमच्या त्या रात्रीत झाड बदलणाऱ्यांना वाचून दाखवा.

प्रश्न : नावाची पितळी पाटी झाडालाच खिळ्याने ठोकलीय, आता ती वाकडी होऊन सालीत जायला लागली. काढावी का? आणि संगमरवरी दगड काळा पडलाय, ॲसिडने चकाचक होतो असं एक जण म्हणतो.

उत्तर : त्या एक जणाच्या हातातली बाटली आधी काढून घ्या! संगमरवर म्हणजे चुनखडीच, ॲसिडने वरचा थर विरघळतो, दगड पांढरा दिसतो आणि अक्षरं दर वेळी थोडी थोडी पुसली जातात. ब्लीच नको, तारेचा ब्रश नको, प्रेशर मशीन नको. दगड आधी साध्या पाण्याने पूर्ण भिजवा, मऊ ब्रश घ्या, खालून वर घासत जा म्हणजे काळ्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडावर डाग पाडत नाहीत, आणि परत भरपूर पाणी. एवढ्याने जे जाणार नाही ते राहू दे. आम्ही तर दगडफुलाला हातही लावत नाही, ओरबाडून काढलं की त्याच्यासोबत दगडाची कपची येते. आणि दगड हलत असेल, तडा असेल तर घासूच नका, जाणकार माणूस बोलवा.

पाटीचं म्हणाल तर, खोड जाड होतं, खिळा तिथेच राहतो, मग झाड पाटी गिळतं. अजून सैल असेल तर खिळे काढा, अर्धी गिळली असेल तर उपटू नका, जास्त जखम होते, तशीच ठेवा आणि जमिनीत वेगळी पाटी लावा, दगडावर किंवा छोट्या खांबावर. पितळ हिरवट-काळं होणारच, त्याला घाबरू नका. आणि नवीन पाटी करायला देण्याआधी नावाचं स्पेलिंग घरच्या दोन वेगळ्या माणसांकडून लेखी घ्या. दोन. एकाचं चुकतं.

प्रश्न : लोक बागेत काय काय ठेवून जातात, प्लास्टिकची फुलं, काचेच्या दिवल्या, खेळणी, फुगे. गवत कापताना काच उडते. सगळं उचलून टाकलं तर भांडण, ठेवलं तर उकिरडा. तुम्ही काय करता?

उत्तर : यावर परफेक्ट उत्तर माझ्याकडे नाही, आम्ही चार वेळा नियम बदललेत. सध्या असं आहे. काच आणि पेटती ज्योत चालत नाही, ही सुरक्षेची गोष्ट, इथे वाद नाही. खऱ्या फुलांचे गुच्छ चालतात पण वरचं प्लास्टिक काढून, आणि ती सुकली की आम्ही उचलणार. बाकी वस्तूंसाठी एकच ठरलेली जागा, एक सपाट दगड, तिथे ठेवा. उचलायच्या आधी महिनाभर तारीख लावून ठेवतो आणि उचललेलं लगेच फेकत नाही, बॉक्समध्ये ठेवतो, त्यावर कुठून उचललं ते लिहितो. त्या बॉक्समुळे भांडणं जवळजवळ थांबली. लोकांना वस्तू हलवल्याचा राग नसतो हो, फेकल्याचा असतो.

फुगे मात्र सोडूच देऊ नका, ते झाडांत अडकतात, पक्ष्यांच्या पायात गुंततात.

आता नियम मोडल्याचंही सांगते. आमच्या पाचव्या वाफ्यात एका झुडपाच्या मागे एक छोटी निळी गाडी आहे, खेळण्यातली, मागचं एक चाक नाही. ती कुणी ठेवली माहीत नाही, कुणासाठी ते वाफ्यावरच्या पाटीवरून कळतं. तो वाफा ज्याच्याकडे असतो तो तण काढताना गाडी उचलतो, खालचं तण काढतो आणि परत तिथेच ठेवतो, तोंड रस्त्याकडे करून. कुणी कुणाला सांगितलेलं नाही. नऊ वर्षांत तीन जणांनी तो वाफा सांभाळला. मीटिंगमध्ये हा विषय कधी निघत नाही आणि मी काढणारही नाही.

प्रश्न : (नऊ पानांचा सारांश) मी संस्थापक सदस्य. नव्या सेक्रेटरीने जुना गुलाबांचा वाफा काढून तिथे गवत आणि बाक टाकायचं ठरवलंय, जागेच्या मालकांनीही होकार दिला. त्या वाफ्यासाठी १५ वर्षांपूर्वी घरच्यांनी देणग्या दिल्या होत्या. हे चालतं का?

उत्तर : काका, तुमचा राग समजतो, पण मला आधी एकच सांगा, तेव्हा कागद केला होता का? कारण इथेच घोडं पेंड खातं. जागा दुसऱ्याची, झाडं क्लबची, नावं घरच्यांची, पाणी कुणाचं ते कुणालाच माहीत नाही, आणि सगळं तोंडी, कारण तेव्हा सगळे एकमेकांना ओळखत होते. आमच्याकडेही पाण्याची लाइन टाकायला आले आणि अर्धा वाफा खणून गेले, विचारलं तर म्हणे नकाशावर इथे काहीच नाही. खरंच नव्हतं, आम्ही कधी दिलाच नव्हता, मग कुणावर ओरडणार!

कागद असेल तर तो घेऊन बसा. नसेल तर निदान देणगीच्या पावत्या, जुने फोटो, मीटिंगची वही काढा, घरच्यांचे पत्ते शोधा आणि त्यांना विचारल्याशिवाय एक झुडूपही हलवायचं नाही एवढं कमिटीकडून लेखी घ्या. एवढं मागायचा हक्क तुम्हाला आहे असं मला वाटतं.

पण काका, एक कडू गोष्टही ऐका. त्या सहा पानांमध्ये तुम्ही स्वतःच लिहिलंय की वाफ्यातले निम्मे गुलाब गेलेत आणि दोन वर्षं छाटणी झालेली नाही कारण गुडघे चालत नाहीत. मग तो सेक्रेटरी अगदीच राक्षस नसावा. पंधरा वर्षांपूर्वी सात जण वाकून काम करत होते, आज दोन आहेत. बऱ्याच बागांमध्ये आता बाकाची किंवा झाडाची देणगी ठरावीक मुदतीची घेतात, दहा वर्षं म्हणा, मुदत संपली की घरच्यांना परत विचारतात. मला आधी हे व्यापारी वाटायचं. आता वाटतं की 'कायमचं' असं लिहून देणं हीच फसवणूक आहे, कायमचं पाणी कोण घालणार? तर मधला मार्ग काढा, जगलेले चार-पाच गुलाब एका कोपऱ्यात एकत्र आणा, सगळी नावं एका पाटीवर घ्या, आणि बाक येऊ दे. उंच वाफे केले तर तुम्हालाही बसून छाटणी करता येईल. आणि नावांची वही, कोण, कुठे, कधी लावलं, घरच्यांचा पत्ता काय, ती तुमच्या डोक्यातून कागदावर उतरवा, या महिन्यातच. क्लबमध्ये ते फक्त तुम्हालाच माहीत असणार, सेक्रेटरीला नाही.

प्रश्न : मी नवीन आहे, क्लबमध्ये तिसराच महिना. तण काढत असते आणि शेजारच्या बाकावर कुणीतरी येऊन बसतं, रडायला लागतं. उठून जाऊ की काही बोलू? फार अवघडल्यासारखं होतं.

उत्तर : मशीन चालू असेल तर आधी बंद कर. मग उठून जाऊ नकोस, एकदम उठून गेलीस की त्यांना वाटतं आपण हिला त्रास दिला. एक नजर दे, मान हलव आणि खाली बघून हाताचं काम चालू ठेव, हळू. त्यांना बोलायचं असेल तर ते तुला झाडाबद्दल काहीतरी विचारतील, बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच होते, हे कसलं झाड, याला फुलं कधी येतात. तेवढंच उत्तर दे, गेलेल्या माणसाबद्दल आपण होऊन विचारायचं नाही. कधी कधी ते उठतात आणि तुझ्या शेजारी बसून तण उपटायला लागतात. तेव्हा त्यांना जास्तीचं खुरपं दे आणि कुठलं रोप ठेवायचं ते दाखव, नाहीतर ते चांगलंच उपटतात, माझ्याकडची दोन साल्व्हिया अशीच गेलीत.